मुंबईचा टाऊन हॉल

प्रास्ताविक

शहरातील जुन्या सार्वजनिक इमारतींशी आपला संबंध बहुधा कामापुरता असतो. दाखला, शिक्का किंवा सही यांसाठी आपण तेथे जातो, रांगेत उभे राहतो आणि काम झाले की परततो. इमारतीचे खांब कसे आहेत, पायऱ्या किती आहेत, ती कोणी आणि कोणासाठी उभारली, याकडे आपले लक्ष जात नाही. वास्तविक, पुस्तकाप्रमाणे इमारतही वाचता येते. तिच्या दगडांतून बांधणाऱ्यांची दृष्टी कळते आणि तिच्यात वावरलेल्या माणसांच्या हकिकतींतून समाजाचा इतिहास उलगडतो.

प्रस्तुत पाठात मुंबईच्या फोर्ट भागातील टाऊन हॉल या इमारतीचा परिचय करून दिला आहे. ही इमारत १८३३ साली पूर्ण झाली. ‘टाऊन हॉल’ म्हणजे नगराचे सभागृह. परंतु ज्या काळात हे सभागृह उभे राहिले, त्या काळात ‘नगर’ या शब्दात कोणाकोणाची गणना होत होती? पाठ वाचताना हा प्रश्न मनात ठेवा.

पाठ

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या स्थानकातून बाहेर पडून दक्षिणेकडे थोडे चालत गेले की हॉर्निमन सर्कल लागते. मध्ये गोलाकार बाग आणि तिच्याभोवती कमानींच्या ओळी असलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या इमारती, अशी या चौकाची रचना आहे. या वर्तुळाच्या पूर्वेला, पश्चिमेकडे तोंड करून, एक शुभ्र रंगाची लांबरुंद वास्तू उभी आहे. समोर प्रशस्त पायऱ्या, पायऱ्यांच्या माथ्यावर आठ भव्य खांब आणि त्यांवर कमी उंचीचा त्रिकोण. हाच टाऊन हॉल. सरकारी कागदपत्रांत त्याला ‘नगर भवन’ म्हणतात. मुंबईतील वाचक मात्र त्याला तेथील संस्थेच्या नावावरून ‘एशियाटिक’ एवढेच म्हणतात. एकाच इमारतीची ही तीन नावे तिच्या तीन प्रकारच्या उपयोगांची खूण आहेत.

आजच्या गोल बागेच्या जागी पूर्वी मोकळे मैदान होते. त्याला इंग्रज लोक ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. मैदानाच्या पश्चिमेला १७१८ साली उपासनेसाठी खुले झालेले सेंट थॉमस चर्च होते, पूर्वेला जुना किल्ला आणि त्यामागे बंदर. कापसाचे गठ्ठे या मैदानात रचलेले असत. आजची गोलाकार रचना १८६० नंतरच्या दशकात झाली. म्हणजे टाऊन हॉल बांधला गेला तेव्हा त्याच्यासमोर बाग नव्हती. व्यापाराची धूळ, बैलगाड्या आणि हमाल यांनी गजबजलेल्या मैदानासमोर हे ग्रीक पद्धतीचे खांब उभे राहिले. त्या काळच्या पाहणाऱ्याला ते दृश्य किती अपरिचित वाटले असेल, याची कल्पना करून पाहावी.

सोडतीच्या पैशातून सुरुवात

या इमारतीची मूळ कल्पना सर जेम्स मॅकिन्टॉश यांची. हे मुंबईच्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्या पदाला तेव्हा ‘रेकॉर्डर’ असे नाव होते. मॅकिन्टॉश विद्याव्यासंगी होते. मुंबईतील इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये व्यापार आणि मेजवान्या यांपलीकडे बोलण्याचे विषय फारसे नसावेत, हे त्यांना खटकले असावे. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी त्यांनी ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ या संस्थेची स्थापना केली. पूर्वेकडील देशांच्या भाषा, इतिहास, निसर्ग आणि प्राचीन वस्तू यांचा अभ्यास करणे हा तिचा उद्देश होता. पुढे ही संस्था लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा बनली. स्वातंत्र्यानंतर ती लंडनपासून स्वतंत्र झाली आणि २००२ पासून ती ‘एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई’ या नावाने ओळखली जाते.

संस्था झाली, पुस्तके जमू लागली, पण त्यांना घर हवे होते. शहरालाही सभा, समारंभ यांसाठी एखादे दालन हवे होते. या दोन्ही गरजा भागवणारी भव्य इमारत बांधावी, असा प्रस्ताव मॅकिन्टॉश यांनी १८११ साली मांडला आणि त्याच वर्षी ते मायदेशी परतले. प्रस्ताव चांगला असला तरी पैसे कोठून येणार? तेव्हाच्या प्रथेप्रमाणे लॉटरी, म्हणजे सोडत काढण्यात आली. आज आपल्याला हे विचित्र वाटेल. ज्ञानाच्या घराचा पाया नशिबाच्या खेळावर! परंतु त्या काळी सार्वजनिक कामांसाठी सोडत काढणे प्रतिष्ठेला बाधा आणणारे मानले जात नसे. कोलकात्याचा टाऊन हॉल १८१३ साली उभा राहिला, तोही सोडतीच्याच पैशांवर.

मुंबईची सोडत मात्र पुरी पडली नाही. पायाभरणी १८२१ साली झाली. तेव्हा माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. बांधकाम सुरू झाले, रखडले आणि पैसे संपले. शेवटी सरकारने खर्चाचा भार उचलला. बदल्यात इमारतीतील काही भाग सरकारी कचेऱ्यांसाठी राखून ठेवण्यात आला. विद्वानांची संस्था आणि सरकारी कचेरी यांचे एका छताखालचे शेजार तेव्हापासूनचे आहे. इमारत पूर्ण व्हायला बारा वर्षे लागली. तिचा आराखडा करणारे कर्नल थॉमस कूपर हे काम पूर्ण झालेले पाहू शकले नाहीत. १८२५ साली त्यांचे निधन झाले आणि उरलेले काम इतर अभियंत्यांनी तडीस नेले.

पाठगत प्रश्न १
(अ) टाऊन हॉल बांधण्याची कल्पना कोणाची होती? त्यामागे कोणत्या दोन गरजा होत्या?
(आ) सरकारने बांधकामाचा खर्च कोणत्या अटीवर उचलला?

दगडाची भाषा

कर्नल कूपर हे व्यवसायाने वास्तुकार नव्हते, ते लष्करातील अभियंते होते. कंपनी सरकारच्या काळात भारतातील बहुतेक मोठ्या इमारती अशाच लष्करी अभियंत्यांनी बांधल्या. पूल, रस्ते, तटबंदी यांची त्यांना सवय होती. सौंदर्यासाठी ते युरोपातून आलेल्या नमुना-पुस्तकांचा आधार घेत. अशा पुस्तकांमुळेच अथेन्सच्या देवळाचे खांब मुंबईच्या किनाऱ्यावर येऊन पोहोचले.

युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यास प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्याविषयी नवे कुतूहल जागे झाले होते. इटलीतील पॉम्पेई हे राखेखाली गाडले गेलेले रोमन शहर उत्खननातून वर येऊ लागले. स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोन इंग्रज अभ्यासकांनी अथेन्सला जाऊन तेथील अवशेषांची मोजमापे घेतली आणि त्यांच्या रेखाचित्रांच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६२ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर न्यायालये, बँका, ग्रंथालये, सभागृहे अशा सार्वजनिक इमारती प्राचीन देवळांच्या धर्तीवर बांधण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीला नव-अभिजात शैली म्हणतात. ‘अभिजात’ म्हणजे ज्याला काळाने मान्यता दिली आहे असे. आणि ‘नव’ म्हणजे त्याचा नव्याने केलेला वापर.

ग्रीक वास्तुशास्त्रात खांबांच्या तीन प्रमुख जाती आहेत. त्या ओळखणे अवघड नाही. फक्त खांबाच्या माथ्याकडे पाहावे. माथ्यावर साधी, बसक्या उशीसारखी गादी आणि तिच्यावर चौकोनी फरशी असेल तर तो डोरिक खांब. दोन्ही बाजूंना शंखासारख्या गुंडाळलेल्या वळ्या असतील तर आयोनिक. पानांचा गुच्छ कोरलेला असेल तर कॉरिन्थियन. यांपैकी डोरिक सर्वांत जुना, जाड आणि साधा. अस्सल ग्रीक डोरिक खांबाला तळखडाही नसतो. आपल्या मंदिरांतील खांब तळखड्यावर उभा असतो, त्यावर नक्षी असते. हा खांब मात्र थेट जमिनीतून उगवल्यासारखा वर येतो. त्याच्या अंगावर उभ्या पन्हळी कोरलेल्या असतात. सूर्य कलला की या पन्हळींत सावल्या भरतात आणि दगडाचा जाड खांब हलका वाटू लागतो. दुसऱ्या कोणत्याही नक्षीची त्याला गरज भासत नाही.

टाऊन हॉलच्या दर्शनी भागाचे आठ खांब या डोरिक जातीचे आहेत. ते इंग्लंडहून जहाजाने आले, असे सांगतात. मूळ योजनेत त्यांची संख्या अधिक होती. परंतु प्रत्यक्ष खांब पाहिल्यावर ते फारच प्रचंड वाटले, म्हणून काही खांब वगळले आणि ते भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चसाठी वापरले, अशीही हकिकत प्रसिद्ध आहे. ज्या प्रदेशात डोंगरच्या डोंगर काळ्या पाषाणाचे आहेत आणि जेथील कारागिरांनी दोन हजार वर्षांपूर्वी अख्खी लेणी कोरली, तेथे खांब सातासमुद्रापलीकडून आणावे लागले, यात एक विसंगती आहे. कारागिरांची उणीव हे तिचे कारण नव्हते. आपली शैली आपल्याच दगडात दिसावी, हा राज्यकर्त्यांचा आग्रह त्यात दिसतो.

तरीही दूरच्या दोन परंपरा कधीकधी एकमेकींना भेटतात. डोरिक खांबांवरील आडव्या पट्ट्यात ठरावीक अंतराने तीन-तीन उभ्या रेघांचे चौकोन कोरण्याची रीत आहे. प्राचीन काळी ग्रीक देवळे लाकडाची असत आणि छताच्या तुळयांची टोके त्या जागी बाहेर येत. पुढे देवळे दगडाची झाली, तरी तुळयांच्या टोकांची आठवण नक्षीच्या रूपाने टिकून राहिली, असे मानतात. आपल्याकडे कार्ले आणि भाजे येथील लेण्यांतही नेमके हेच दिसते. डोंगर पोखरून केलेल्या चैत्यगृहाला छताचा आधार लागत नाही. तरी तेथे लाकडी घराप्रमाणे कमानदार वासे आहेतच. लाकडाची सवय दगडाला सहजासहजी सोडत नाही, मग तो ग्रीसचा असो वा मावळातला.

या इमारतीचा खरा प्रभाव मात्र खांबांपेक्षा पायऱ्यांमुळे पडतो. समोरून तीस पायऱ्या चढून वरच्या मजल्यावरील द्वारमंडपात जावे लागते. तळमजला या उंच जोत्यात दडलेला आहे. पायऱ्या रुंद आणि संथ आहेत. चढणाऱ्या माणसाची गती आपोआप मंदावते, मान वर होते आणि माथ्यावरचे खांब पायरीगणिक मोठे होत जातात. देवळाच्या पायऱ्या चढताना येणारा हाच अनुभव येथे सत्तेच्या आणि विद्येच्या दालनाला दिलेला आहे. बांधणाऱ्यांचा हेतू उघड होता: समोरच्या मैदानातील माणसाने वर पाहावे.

युरोपातील नमुना मुंबईत जसाच्या तसा चालणे शक्य नव्हते. येथील ऊन आणि पाऊस ग्रीक पुस्तकांत नव्हते. म्हणून खिडक्यांना झडपा बसवल्या, वर छपरीसारखे आडोसे दिले, दालनांची छते उंच ठेवली आणि वारा आरपार खेळेल अशी योजना केली. कठोर डोरिक चेहऱ्यावर या झडपा व आडोसे काहीसे घरगुती वाटतात. जाणकारांना ते शैलीला सोडून आहे असे वाटेल; पण इमारतीला मुंबईची करणारे तेच आहेत.

आत प्रवेश केल्यावर वातावरण बदलते. दालनात कॉरिन्थियन खांब आहेत, लाकडी जमीन आहे, वळत जाणारे जिने आणि लोखंडी नक्षीचे कठडे आहेत. बाहेरचा करडा शिपाई आत येऊन दरबारी पोशाख चढवतो, असे म्हणता येईल. शेजारीच असलेल्या टाकसाळीच्या जुन्या इमारतीच्या दर्शनी भागात आयोनिक खांब आहेत. त्यामुळे ग्रीक खांबांच्या तिन्ही जाती या छोट्याशा परिसरात पाहायला मिळतात.

पाठगत प्रश्न २
(अ) डोरिक, आयोनिक आणि कॉरिन्थियन खांब कशावरून ओळखावेत?
(आ) ग्रीक देवळे आणि कार्ले-भाजे येथील लेणी यांत लेखकाला कोणते साम्य दिसते?

दाराच्या आत कोण?

१८३० च्या सुमारास एशियाटिक सोसायटी आपल्या ग्रंथसंग्रहासह या इमारतीत राहायला आली. भारताविषयीचे ज्ञान गोळा करणाऱ्या या संस्थेत एकही भारतीय सभासद नव्हता. ताम्रपट येथील, शिलालेख येथील, ते वाचून दाखवणारे शास्त्री-पंडितही येथील. सभासदत्व मात्र युरोपियनांपुरते होते. माणेकजी कर्सेटजी या सुशिक्षित पारशी गृहस्थांनी संस्थेत प्रवेश मिळवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांना प्रथम नकार मिळाला. त्यांनी प्रयत्न सोडला नाही. अखेर १८४० साली ते सभासद झाले आणि पहिल्या भारतीयासाठी हे दार उघडले. पुढे न्यायाधीश आणि स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते म्हणून त्यांची ख्याती झाली.

याच सुमारास एका मराठी तरुणाने वेगळ्या वाटेने या दालनात प्रवेश केला. ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर प्राचीन लेखांचे जाणकार होते. संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. तेथे असे लेखन करणारे ते पहिले भारतीय मानले जातात. वयाच्या चौतिसाव्या वर्षी, १८४६ साली त्यांचे निधन झाले. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी सिद्ध केले, की ताम्रपट वाचून दाखवणाराच त्याचा अर्थही लावू शकतो आणि तो अर्थ स्वतःच्या नावाने छापूही शकतो. ही गोष्ट आज साधी वाटते. त्या काळी ती साधी नव्हती.

त्यानंतरच्या पिढीत डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन केले आणि कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहिला. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले हे डॉक्टर दिवसभर रुग्णांना तपासत आणि उरलेला वेळ हस्तलिखिते, नाणी व लेख यांत घालवत. पुढे ते संस्थेचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्याबरोबर काम केलेले, मूळचे जुनागढचे भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली नालासोपारा येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. तेथे सापडलेला दगडी करंडक आणि त्यातील मौल्यवान अवशेष या संस्थेच्या संग्रहात आले. १८९२ साली न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग संस्थेचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पहिल्या सभासदापासून पहिल्या अध्यक्षापर्यंतचे अंतर बावन्न वर्षांचे आहे. समोरच्या पायऱ्या चढायला दोन मिनिटेही लागत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या बावन्न वर्षांचा अर्थ कळतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. सुरुवातीच्या काळात विद्यापीठाचा कारभार टाऊन हॉलमधूनच चालला. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे या विद्यापीठाच्या १८६२ मधील पहिल्या पदवीधरांपैकी होते.

दालनात संगमरवरी पुतळे आहेत. एल्फिन्स्टन, माल्कम अशा गव्हर्नरांच्या सोबतीला जमशेटजी जीजीभाई आणि जगन्नाथ शंकरशेट यांचेही पुतळे तेथे आहेत. नाना शंकरशेट यांचा, पगडी घातलेला, शांत मुद्रेचा पुतळा पाहताना जाणवते, की दगडात कोणाला स्थान मिळाले यावरूनही नगरात कोणाची गणना होऊ लागली हे समजते. सामान्य मुंबईकराचा पुतळा अर्थातच तेथे नाही. त्याची जागा बाहेर होती.

पायऱ्यांवर आणि पायऱ्यांखाली

बाहेरच्या त्या जागेचाही इतिहास मोठा आहे. १८५० नंतरच्या दशकात टाऊन हॉलसमोरच्या वडाच्या झाडाखाली काही दलाल जमत आणि समभागांचे सौदे करत. त्यांच्यातूनच १८७५ साली मुंबईच्या शेअर बाजाराची संस्था उभी राहिली. १ नोव्हेंबर १८५८ रोजी, कंपनीचे राज्य संपवून इंग्लंडच्या राणीने कारभार हाती घेतल्याचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचण्यात आला. वर वाचणारे सरकार आणि खाली ऐकणारी प्रजा. पायऱ्यांची रचना अशा प्रसंगासाठीच केली होती, असे वाटावे.

साठ वर्षांनी हे चित्र पालटले. पहिल्या महायुद्धासाठी लोकांची मदत मिळवण्याकरिता १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी टाऊन हॉलमध्ये परिषद बोलावली. लोकमान्य टिळकांना बोलण्यासाठी निमंत्रण होते. देशाच्या रक्षणाचा प्रश्न स्वराज्याच्या प्रश्नापासून वेगळा करता येणार नाही, असे टिळक सांगू लागताच राजकीय चर्चा चालणार नाही म्हणून गव्हर्नरांनी त्यांना थांबवले. टिळक व्यासपीठावरून उतरले आणि सभागृहाबाहेर पडले. त्यांच्यामागून न. चिं. केळकर आणि इतर काही जणही उठले. जेथे बोलता येत नाही तेथे थांबायचे नाही, हा त्या दिवशीचा निषेध होता. त्याच वर्षी याच सभागृहात दुसरा निषेध झाला. त्यात लोक बाहेर पडले नाहीत, तर आत येऊन बसले.

विलिंग्डन यांची कारकीर्द संपत आली तेव्हा शहराच्या वतीने त्यांचा गौरव करावा, म्हणून ११ डिसेंबर १९१८ रोजी नागरिकांची सभा बोलावण्यात आली. शहराच्या वतीने! ज्यांना हा गौरव मान्य नव्हता त्यांनी ठरवले, की सभा नागरिकांची आहे, तर आपणही नागरिक आहोत. बॅरिस्टर महंमद अली जीना हे त्यांचे पुढारी होते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन त्यांच्या बाजूने होते. दारे उघडण्याच्या कितीतरी आधीपासून विरोधक पायऱ्यांवर येऊन बसले आणि दारे उघडताच त्यांनी पुढच्या रांगा व्यापल्या. संध्याकाळी सभा सुरू झाली तेव्हा एवढा गलका उडाला, की ठराव कोणालाच ऐकू आला नाही. पोलिसांनी सभागृह रिकामे केले. धक्काबुक्कीत जीनाही सापडले. बाहेर जमलेल्या लोकांनी मात्र त्या दिवशी विजय साजरा केला. शहराच्या नावाने काही मुठभर लोकांनी बोलावे हे यापुढे चालणार नाही, हे सर्वांना कळून चुकले होते. लोकांनी एकेक रुपया वर्गणी काढून या घटनेच्या स्मरणार्थ एक सभागृहही बांधले.

हॉर्निमन हे इंग्रज असूनही भारतीयांच्या बाजूने लिहीत. १९१९ साली सरकारने त्यांना हद्दपार केले. टाऊन हॉलसमोरच्या चौकाला पूर्वी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव होते. स्वातंत्र्यानंतर ते बदलून हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. म्हणजे आज या पायऱ्यांवर उभे राहून समोर पाहिले की ज्याला सरकारने देशाबाहेर घालवले, त्या संपादकाच्या नावाची बाग दिसते.

वाचनाचे टेबल

आज या इमारतीत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. त्यात एक लाखाहून अधिक ग्रंथ असून त्यांपैकी अनेक दुर्मीळ आहेत. दान्ते या इटालियन महाकवीच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’चे चौदाव्या शतकातील एक हस्तलिखित या संग्रहात आहे. ते एल्फिन्स्टन यांनी भेट दिले. १९३० नंतरच्या दशकात इटलीच्या मुसोलिनी सरकारने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि संस्थेने नकार दिला, ही गोष्ट मुंबईकर अभिमानाने सांगतात. महाभारतातील आरण्यक पर्वाची सोळाव्या शतकातील सचित्र पोथीही येथे आहे.

महामहोपाध्याय पां. वा. काणे या संस्थेशी दीर्घकाळ निगडित होते. वकिली सांभाळून त्यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा ग्रंथ लिहिला. पहिला खंड १९३० साली आणि पाचवा १९६२ साली प्रसिद्ध झाला. १९६३ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. दुर्गा भागवत यांनी तर येथील वाचनकक्षाला जणू दुसरे घर मानले. वर्षानुवर्षे त्या येथे येऊन वाचत आणि टिपणे काढत. १९७५ साली कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीतील विचारस्वातंत्र्याच्या गळचेपीविरुद्ध आवाज उठवला. त्यांच्या लेखनामागे विद्यापीठाच्या खुर्चीपेक्षा या ग्रंथालयाच्या टेबलाचा आधार मोठा होता.

याच इमारतीत राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि मुद्रांक कार्यालयही आले. त्यामुळे घराच्या व्यवहाराचे कागद हातात घेऊन आलेला माणूस आणि जुन्या ग्रंथाच्या शोधात आलेला अभ्यासक यांची ‘नगर भवन’ या एकाच पत्त्यावर गाठ पडू लागली. पहिला बहुधा तळमजल्याच्या दाराने आत जातो, दुसरा समोरच्या पायऱ्या चढतो. दुपार कलली की पश्चिमेचे ऊन खांबांच्या पन्हळींत शिरते. तेव्हा पायऱ्यांवर महाविद्यालयातील मुले-मुली, कार्यालयातून सुटलेले कर्मचारी आणि शहर पाहायला आलेले प्रवासी टेकलेले दिसतात. कोणी वही उघडलेली असते, कोणी डबा.

स्वाध्याय

१. ‘समोरच्या पायऱ्या चढायला दोन मिनिटेही लागत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे या बावन्न वर्षांचा अर्थ कळतो.’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे सात-आठ ओळींत स्पष्ट करा.

२. १० जून आणि ११ डिसेंबर १९१८ या दोन दिवशी टाऊन हॉलमध्ये घडलेल्या प्रसंगांची तुलना करा. निषेधाच्या दोन पद्धतींपैकी तुम्हाला कोणती अधिक परिणामकारक वाटते? का?

३. ‘बाहेरचा करडा शिपाई आत येऊन दरबारी पोशाख चढवतो’ या वाक्यात इमारतीचे वर्णन कोणत्या प्रतिमेच्या साहाय्याने केले आहे?

४. पुढील शब्दांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा: तडीस नेणे, विसंगती, निगडित, गळचेपी, पुरस्कर्ता.

५. तुमच्या गावातील किंवा शहरातील एखाद्या जुन्या सार्वजनिक इमारतीला भेट द्या. तिचे खांब, पायऱ्या, खिडक्या यांचे निरीक्षण करा. तिच्या दारातून पूर्वी कोण आत जाऊ शकत होते आणि आज कोण जाऊ शकते, याची वडीलधाऱ्या माणसांकडे चौकशी करा आणि दीडशे शब्दांत लिहा.